जिवाणू आपला डीएनए कसा वाटतात? तंतू बनवणाऱ्या प्रथिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविभाजन शिकवणारे शिक्षक, सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी ओळखीचे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जिवाणूला केंद्रक नाही, गुणसूत्रही बहुतेक वेळा एकच. मग डीएनए ‘वाटायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

डीएनएची प्रत काढणे हे एक काम आणि त्या प्रती दोन बाजूंना नेणे हे दुसरे. प्रत काढून झाली की पेशीत दोन डीएनए रेणू असतात. ते दोन्ही एकाच बाजूला राहिले आणि मधे भिंत आली, तर एका कन्यापेशीला दुप्पट मिळते आणि दुसरी रिकामी राहते. गुणसूत्राविना राहिलेली पेशी काही काळ तग धरते, पण तिची वाढ आणि पुढचे विभाजन होत नाही.

त्यात जागेची अडचण आहे. ई. कोलाय या जिवाणूचे गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचे (डीएनएच्या शिडीची एक पायरी म्हणजे एक बेसजोडी). ते सरळ ताणले तर साधारण दीड मिलिमीटर भरेल, आणि पेशीची लांबी जेमतेम दोन मायक्रॉन. म्हणजे पेशीच्या सातशेपट लांबीचा धागा आत कोंबलेला असतो आणि त्याच्या दोन प्रती न गुंतता वेगळ्या काढायच्या असतात. गुणसूत्र वर्तुळाकार असल्याने प्रत काढून होताना दोन्ही वलये एकमेकांत अडकलेली असू शकतात. ती सोडवण्याचे काम टोपोआयसोमरेज-४ नावाचे विकर करते.

आपल्या पेशींत आधी प्रत काढली जाते आणि वाटणी बऱ्याच वेळाने, वेगळ्या टप्प्यात होते. जिवाणूकडे अशी सवड नसते. पोषक माध्यमात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, पण पूर्ण गुणसूत्राची प्रत काढायला त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. त्यामुळे पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असते आणि वाटणी प्रत निघत असतानाच चालू राहते.

२. या विषयावर काहीही वाचलं की सारखं प्लाझ्मिडच का समोर येतं?

प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा, स्वतःची प्रत स्वतः काढणारा डीएनएचा छोटा रेणू, बहुधा वर्तुळाकार. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके बऱ्याचदा याच्यावर असतात.

संशोधकांना तो आवडतो कारण त्याची वाटणीची यंत्रणा आटोपशीर असते. ई. कोलायमधल्या आर-१ या प्लाझ्मिडकडे तीनच घटक आहेत. पहिला पार-सी, म्हणजे डीएनएचाच एक ठरावीक पट्टा. दुसरा पार-आर, त्या पट्ट्याला चिकटणारे प्रथिन. तिसरा पार-एम, तंतू बनवणारे प्रथिन. हे तीन घटक शुद्ध करून काचपट्टीवर एकत्र आणले की डीएनए ढकलला जाताना पाहता येतो. मुख्य गुणसूत्राच्या बाबतीत पाच-सहा यंत्रणा एकावर एक चढलेल्या असतात. एक काढली की दुसरी तिची भर काढते आणि नेमके कोण काय करत होते तेच कळेनासे होते (प्रश्न ११).

३. एवढा खटाटोप कशाला? नशिबावर सोडलं तर काय बिघडतं?

ते प्रतींच्या संख्येवर अवलंबून आहे, आणि हे गणित कागदावर करण्यासारखे आहे. विभाजनाच्या क्षणी पेशीत काही प्रती आहेत आणि प्रत्येक प्रत डावीकडे की उजवीकडे जाईल हे निव्वळ योगायोगाने ठरते, असे धरा. एक कन्यापेशी रिकामी राहायची तर पहिली प्रत जिकडे जाईल तिकडेच बाकीच्या सगळ्या जायला हव्यात. दोन प्रती असतील तर ही शक्यता निम्मी. चार असतील तर आठात एक, आठ असतील तर १२८ मध्ये एक. वीस प्रती असल्या की ती ५,२४,२८८ मध्ये एक इतकी खाली येते.

म्हणून वीस-पंचवीस किंवा शेकडो प्रती बाळगणाऱ्या छोट्या प्लाझ्मिडांना तंतूंची गरज भासत नाही. आर-१ सारखे मोठे प्लाझ्मिड सुमारे एक लाख बेसजोड्यांचे असते. त्याच्या पन्नास प्रती बाळगणे पेशीला परवडणार नाही. ते चार-पाच प्रतींवर भागवते आणि मग वाटणीची हमी स्वतःलाच द्यावी लागते. आठ प्रती धरून आलेला १२८ मध्ये एक हा आकडाही छोटा वाटेल, पण प्लाझ्मिड नसलेली पेशी त्याचे ओझे वाहत नाही, ती थोडी जलद वाढते, आणि प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात काही दिवसांत तिचीच वस्ती पसरते.

एक पुस्ती जोडायला हवी. जास्त प्रतींची प्लाझ्मिडे पेशीत खरोखर सुटी फिरत नाहीत, बऱ्याचदा पुंजक्याने राहतात. पुंजका एकाच बाजूला गेला तर वरचे गणित फसते. शिवाय दोन वलये जोडली जाऊन दुहेरी वलय झाले की मोजणीत दोन असलेल्या प्रती वाटणीत एकच ठरतात. कोल-ई१ सारखी प्लाझ्मिडे अशी जोडवलये तोडण्यासाठी डीएनएवर खास जागा राखून ठेवतात.

४. तंतू बनवणारी ही प्रथिने किती प्रकारची आहेत?

रूढ वर्गवारीत तीन. पहिल्या प्रकारात पार-ए कुळातली प्रथिने येतात. ती खरोखर तंतू बनवतात का, हाच वादाचा मुद्दा आहे (प्रश्न १०). दुसऱ्या प्रकारात पार-एम आणि त्याचे भाऊबंद. हे आपल्या पेशींचा सांगाडा घडवणाऱ्या, स्नायूंतही असणाऱ्या ॲक्टिनच्या कुळातले आहेत आणि एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरतात. तिसऱ्यात ट्यूब-झेड, आपल्या पेशींत गुणसूत्रे हलवणाऱ्या ट्युब्युलिनच्या कुळातले, एटीपीसारखाच जीटीपी हा रेणू वापरणारे (प्रश्न ९).

पार-एम आणि ॲक्टिन यांचा अमिनो आम्लांचा क्रम इतका वेगळा आहे की नुसत्या क्रमावरून नाते ओळखणे कठीण. नाते ठरले ते त्रिमितीय घडणीवरून. २००१ मध्ये जिवाणूंतल्या एमआरई-बी या प्रथिनाची घडण ॲक्टिनसारखी निघाली आणि २००२ मध्ये पार-एमचीही. ‘जिवाणूंना पेशीचा सांगाडा नसतो’ हे वाक्य अजून काही पाठ्यपुस्तकांत दिसते. ते खोडायला आता बराच उशीर झाला आहे.

५. पार-एम प्लाझ्मिडला कसं हलवतं? पायरीपायरीने सांगा.

पार-सी पट्ट्यात ११ बेसजोड्यांचा एक तुकडा दहा वेळा येतो, पाच अलीकडे आणि पाच पलीकडे. मधल्या जागेत पार-एम आणि पार-आर यांच्या जनुकांचा चालू-बंद करणारा भाग असतो. पार-आरचे रेणू या दहा तुकड्यांवर ओळीने बसतात आणि डीएनएला वळवून एक वाकडी, अर्धवट कड्यासारखी रचना तयार करतात. या रचनेचे आणखी एक काम होते: पार-आर तिथे बसले की ती जनुके दबली जातात, त्यामुळे प्रथिने वाजवीपेक्षा जास्त बनत नाहीत. जागेची एवढी काटकसर फार कमी ठिकाणी पाहायला मिळते.

दरम्यान पेशीभर पार-एमचे तंतू आपोआप उगवत असतात. ईथन गार्नर, क्रिस्टोफर कॅम्बेल आणि डायच मलिन्स यांनी २००४ मध्ये शुद्ध पार-एमवर केलेल्या मोजमापांत असे दिसले की नव्या तंतूची सुरुवात होण्याचा वेग ॲक्टिनच्या ३०० पट आहे. ॲक्टिनला तंतू सुरू करून द्यायला मदतनीस प्रथिने लागतात, पार-एमला कोणाची गरज नाही. मोकळा तंतू दोन्ही टोकांनी जवळपास सारख्याच वेगाने वाढतो आणि मग एकाएकी कोसळतो. वाढणे आणि कोसळणे हे चक्र सतत चालू असते.

असा तंतू वाढता वाढता प्लाझ्मिडवरच्या पार-आरला भिडला की चित्र बदलते. पार-आर त्या टोकाला पकडतो आणि टिकवून धरतो. दोन प्लाझ्मिडे जवळ असतील तर दोघांच्या मधे दोन्ही बाजूंनी सांभाळलेला तंतूंचा जुडगा तयार होतो. तो लांबत जातो आणि प्लाझ्मिडांना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतो. नवे पार-एम रेणू प्लाझ्मिड आणि तंतूचे टोक यांच्या मधल्या फटीत शिरतात, मागून जोडले जात नाहीत. प्लाझ्मिड टोकावरून सुटत नाही आणि तरी टोक वाढत राहते, हा या यंत्रणेतला सर्वांत देखणा भाग.

टोके गाठली की जुडगा विरघळतो. जिवंत पेशींत पाहिल्यावर लक्षात आले की हे एकदाच होऊन थांबत नाही. प्लाझ्मिडे परत मधे येतात, पुन्हा भेटतात, पुन्हा ढकलली जातात. एका पेशीच्या आयुष्यात अशा अनेक फेऱ्या होतात. ‘विभाजनाची वेळ झाली’ असा कोणताही इशारा पार-एमला लागत नाही. प्लाझ्मिडे बहुतेक वेळ टोकांपाशी असतील एवढेच तो पाहतो.

६. तंतूची दोन टोकं सारखी नसतात असं शिकलो. मग एकच पार-आर दोन्ही टोकांना कसा धरतो?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी नेमके दुखणे पकडले आहे. पार-एमचा प्रत्येक रेणू एकाच दिशेला तोंड करून रचलेला असतो, त्यामुळे तंतूच्या दोन टोकांना वेगवेगळे पृष्ठभाग उघडे असतात. प्लाझ्मिडे मात्र दोन्ही सारखी, त्यांवरचे पार-आरही सारखे. एका टोकाला बसणारा पार-आर दुसऱ्या टोकाला बसेलच कसा? २००७ मध्ये गार्नर आणि मलिन्स यांच्या गटाने बारीक मण्यांवर पार-सी चिकटवून पूर्ण यंत्रणा काचेवर उभी केली, मणी दोन्हीकडे ढकलले जाताना स्पष्ट दिसले, तरीही हे कोडे तसेच राहिले. बरीच वर्षे आकृत्यांमध्ये एकच तंतू आणि दोन्ही टोकांना प्लाझ्मिड असे काढले जाई आणि या विसंगतीवर फारसे कोणी बोट ठेवत नसे.

उत्तर २०१२ मध्ये आले. पी. गायत्री, यान लोव आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पार-आर आणि पार-सीची जोडी तंतूच्या एकाच टोकाला बसते आणि त्याच टोकाची वाढ जलद करते. दुसऱ्या टोकाला ती बसतच नाही. मग दोन दिशांना ढकलणे कसे होते? दोन तंतूंमुळे. पहिल्या प्लाझ्मिडवरून एक तंतू निघतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि दोघे उलट दिशांना तोंड करून एकमेकांना कुशीला कूस लावून चिकटतात. अशा जोडीच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना एकाच जातीचे टोक येते. विसंगती संपते. तंतूंच्या मोकळ्या टोकांनाही शेजाऱ्याचा आधार मिळतो.

२०१५ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीच्या आतच अशा जोड्या आणि त्यांचे जुडगे दिसले. विद्यार्थ्यांना माझा आग्रह एवढाच, की वहीत आकृती काढताना एक रेघ काढू नका. दोन काढा, बाण उलटसुलट दाखवा.

७. एटीपीची ऊर्जा ढकलण्यासाठी लागते ना?

बहुतेक जण असेच समजतात, पण नाही. ढकलण्याचा जोर येतो तो रेणू तंतूला जोडले जाण्यातून. पार-एमला एटीपी चिकटलेला असला की ते तंतूला जोडून राहायला उत्सुक असते, आणि त्या ओढीतच ढकलण्याइतका जोर असतो. एटीपी तुटण्याचा उपयोग पुढे, तंतू मोडण्यासाठी होतो. तुटून एडीपी झाला की रेणूची पकड ढिली पडते. टोकाशी ताजे, एटीपीवाले रेणू आहेत तोवर तंतू टिकतो. ते टोपण गेले की आतले एडीपीवाले रेणू भराभर सुटतात.

एटीपी न तोडणारे पार-एमचे उत्परिवर्तित रूप दिले तर तंतू उत्तम बनतात, लांबलचक आणि भक्कम. आणि प्लाझ्मिड हरवते! कारण सगळे पार-एम निरुपयोगी तंतूंमध्ये अडकून पडते आणि प्लाझ्मिडकडच्या टोकासाठी सुटे रेणू उरतच नाहीत. चुकीच्या जागचे तंतू मोडत राहणे हीच या यंत्रणेची शोध घेण्याची पद्धत आहे. कोसळणे हा बिघाड नाही, तेच तिचे काम आहे.

८. इतका बारीक तंतू ढकलताना वाकत का नाही? आणि थांबायचं कुठे हे त्याला कसं कळतं?

एकटा तंतू सात-आठ नॅनोमीटर जाडीचा असतो आणि लांब झाला की वाकू शकतो. पण इथे जुडगा असतो आणि अंतर एक-दोन मायक्रॉनचेच असते, त्यामुळे भागते.

थांबण्यासाठी वेगळी खूण लागत नाही. पेशीचे टोक आले की पुढे जागा नसते. अरुंद वाहिन्यांमध्ये मणी ठेवून केलेल्या प्रयोगांत पार-एमचे जुडगे वाहिनीच्या लांबीच्या दिशेने आपोआप सरळ झाले आणि मणी दोन्ही टोकांना पोहोचले. तिथे पेशी नव्हती, पटल नव्हते, टोकावर बसलेले खुणेचे प्रथिन नव्हते. लांबट आकार पुरेसा होता.

९. आपल्या पेशींत गुणसूत्रं ट्युब्युलिन हलवतं आणि पेशी ॲक्टिन कापतं. जिवाणूत उलट आहे का?

आर-१ पुरते पाहिले तर हो. तिथे डीएनए हलवणारे पार-एम ॲक्टिनच्या कुळातले आणि पेशीच्या मध्यावर कडे करून तिला दुभागणारे एफटीएस-झेड ट्युब्युलिनच्या कुळातले. पण याचा नियम करू नका, कारण ट्यूब-झेड तो लगेच मोडते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या एका उपप्रकारात पी-बी-टॉक्सिस नावाचे सुमारे १ लाख २८ हजार बेसजोड्यांचे प्लाझ्मिड असते. डासांच्या अळ्या मारणारी विषे त्याच्यावरच लिहिलेली असतात. ट्यूब-झेड हे त्याचे वाटणीचे प्रथिन. ट्यूब-झेडचा तंतू एका टोकाने वाढतो आणि दुसऱ्याने झिजतो. भिंतीच्या एका टोकाला गवंडी विटा चढवतोय आणि दुसऱ्या टोकाच्या विटा कोणी काढून नेतोय, तर भिंत तेवढीच राहते पण जागेवरून सरकते. तसा हा तंतू सरकतो, त्यातला एकही रेणू स्वतः न हलता. प्लाझ्मिडवरचे ट्यूब-आर हे प्रथिन झिजणाऱ्या टोकाला धरून राहते आणि त्या टोकाबरोबर प्लाझ्मिड फरफटत जाते. म्हणजे पार-एम ढकलते आणि ट्यूब-झेड ओढते. २०१५ मध्ये हे ओढणेही शुद्ध घटकांनिशी काचेवर करून दाखवले गेले.

१०. पार-ए तंतू बनवतं की नाही? पुस्तकात एक आणि शोधनिबंधात दुसरंच वाचलं.

दोन्ही तुम्ही बरोबर वाचले आहे, फक्त काळ वेगळा आहे. शुद्ध पार-ए परीक्षानळीत तंतूसारख्या रचना करते, हे अनेकांनी पाहिले. त्यावरून ‘पार-एही तंतूनेच ओढत असणार’ हा निष्कर्ष पुस्तकांत गेला. पुढे कियोशी मिझुउची यांच्या गटाने आणि इतरांनी केलेल्या प्रयोगांतून दुसरे चित्र उभे राहिले, आणि आज तेच जास्त पटण्याजोगे आहे.

त्यानुसार एटीपी बांधलेले पार-ए गुणसूत्राच्या डीएनएवर कुठेही, क्रम न पाहता बसते. प्लाझ्मिडवर पार-बी हे दुसरे प्रथिन असते. ते जवळच्या पार-एला धरते, पण धरता धरता त्याला एटीपी तोडायला लावते आणि पार-ए डीएनएवरून सुटते. सुटलेले पार-ए लगेच पुन्हा बसू शकत नाही, त्याला वेळ लागतो. त्यामुळे प्लाझ्मिडच्या मागे पार-ए नसलेला पट्टा उरतो आणि पुढे भरलेला भाग असतो. प्लाझ्मिड भरलेल्या भागाकडे सरकत जाते. कुठेही दोरी नाही, ढकलणे नाही. काचेवर डीएनएचा थर देऊन त्यावर चुंबकाने धरून ठेवलेले मणी असेच सरकताना दिसले आहेत.

माझे मत विचाराल तर पार-एला ‘तंतू बनवणारे’ म्हणणे आता सोडून द्यावे. परीक्षानळीत, भरपूर प्रमाणात, एखादे प्रथिन तंतू बनवते याचा अर्थ ते पेशीत तंतूनेच काम करते असा होत नाही. पार-एमच्या बाबतीत हा दुवा जुळला, कारण पेशीतले तंतू दिसले, काचेवर यंत्रणा उभी राहिली आणि तंतू न मोडणाऱ्या रूपाने काम बिघडले. पार-एच्या बाबतीत असे तिन्ही पुरावे एकत्र आले नाहीत.

पार-बीबद्दलही २०१९ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट कळली. ते सीटीपी हा एटीपीच्याच जातीचा रेणू वापरते आणि डीएनएभोवती मिटून त्यावरून घसरत जाते. एटीपी आणि जीटीपीच्या गर्दीत सीटीपी निघेल असे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

११. मग मुख्य गुणसूत्राला कोणता तंतू हलवतो?

पार-एमसारखा तंतू मुख्य गुणसूत्राला हलवत नाही. पुष्कळ जिवाणूंत, साधारण दोन-तृतीयांश जातींत, गुणसूत्रावर पार-बी बसण्याच्या पार-एस नावाच्या जागा असतात आणि तिथे प्रश्न १० मधली यंत्रणा चालते. कॉलोबॅक्टर क्रेसेंटसमध्ये ती नसेल तर पेशी जगत नाही. पटकीच्या जिवाणूची दोन गुणसूत्रे आहेत आणि प्रत्येकाची पार यंत्रणा स्वतंत्र आहे.

ई. कोलाय मात्र अपवाद निघतो, आणि गंमत म्हणजे सगळी पुस्तके त्याच्यावरच लिहिलेली. त्याच्या गुणसूत्रावर पार-ए आणि पार-बी दोन्ही नाहीत. तिथे एमयूके-बीईएफ हे डीएनएचे फास घालून त्याला आटोपशीर करणारे संकुल, टोपोआयसोमरेज-४ आणि एफटीएस-के हे डीएनए ओढणारे यंत्र मिळून काम भागवतात. अरुंद नळीत कोंबलेल्या दोन लांब रेणूंचा कल मुळातच वेगळे होण्याकडे असतो, हा भौतिकशास्त्राचा भागही विसरू नये.

१९६३ मध्ये फ्रान्स्वा जेकब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझाँ यांनी मांडलेली कल्पना अजूनही परीक्षेत लिहिली जाते: डीएनए पटलाला चिकटलेला असतो आणि मधले पटल वाढले की प्रती लांब जातात. गुणसूत्राचे आरंभस्थान (प्रत काढायला जिथून सुरुवात होते ती जागा) पेशीच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने सरकते हे जिवंत पेशींत दिसल्यावर ती मागे पडली.

१२. वाटणी पुरी व्हायच्या आधीच मधे भिंत आली तर डीएनए कापला जाईल ना?

सहसा तशी वेळ येत नाही. डीएनए असलेल्या जागी एफटीएस-झेडचे कडे बनू न देणारी प्रथिने असतात: ई. कोलायमध्ये एसएलएम-ए, बॅसिलस सबटिलिसमध्ये नॉक. तरीही शेपूट मधे राहिलेच तर भिंतीत बसलेले एफटीएस-के ते ओढून योग्य बाजूला घेते. त्याचा वेग सेकंदाला काही हजार बेसजोड्या इतका आहे.

बॅसिलस सबटिलिस बीजाणू बनवताना तर हे मुद्दाम करतो. भिंत आधी पडते आणि छोट्या कप्प्यात गुणसूत्राचा जेमतेम एक-तृतीयांश भाग असतो. उरलेला एसपीओ-३-ई हे यंत्र भिंतीतून पलीकडे ओढून घेते.

१३. एमआरई-बीही ॲक्टिनचं भावंड. ते डीएनए वाटत नाही का?

तसे एके काळी सुचवले गेले होते. आज एमआरई-बीचे मुख्य काम पेशीचा दंडगोल आकार राखणे, म्हणजे पेशीभित्तिका कुठे बांधायची हे ठरवणे, असे मानले जाते. पेशीभर पसरलेला त्याचा नागमोडी सर्पिल तंतू पुष्कळ पुस्तकांत छापलेला आहे, पण ई. कोलायमधला तो सर्पिल प्रथिनाला जोडलेल्या चमकत्या खुणेमुळे तयार झाला होता, असे २०१२ मध्ये दिसून आले. जुनी चित्रे वापरताना जपून.

१४. एवढं करूनही एखादी कन्यापेशी प्लाझ्मिडविना राहिली तर?

आर-१ कडे त्याची तजवीज आहे, आणि ती निर्दय आहे. त्याच्यावर हॉक नावाच्या विषाचे जनुक आणि ते दाबणारा सॉक नावाचा छोटा आरएनए असतो. हॉकचा संदेश, म्हणजे ज्यावरून विष बनते तो आरएनए, टिकाऊ; सॉक अल्पायुषी. प्लाझ्मिड पेशीत आहे तोवर सॉक ताजा बनत राहतो आणि विष बनत नाही. प्लाझ्मिड हरवले की सॉक संपतो, जुना संदेश मात्र शिल्लक असतो, विष बनते, पेशीपटल निकामी होते आणि पेशी मरते. पार-एम हरवू देत नाही आणि हॉक हरवलेल्यांना जगू देत नाही. एफ प्लाझ्मिडकडेही अशीच विष-उताऱ्याची जोडी आहे.

१५. एकाच पेशीत दोन वेगळी प्लाझ्मिडं आहेत आणि दोघांकडे पार-एम आहे. गोंधळ होत नाही का?

दोघांचे पार-सी आणि पार-आर वेगळे असतील तर होत नाही. पार-आर फक्त आपल्याच पट्ट्याला आणि आपल्याच पार-एमला ओळखते, त्यामुळे दोन यंत्रणा एकमेकींच्या पायात न येता चालतात. पार-एमच्या कुळातली प्रथिने एकमेकांपासून इतकी दूर गेली आहेत त्याचे हे एक कारण असावे. बॅसिलस सबटिलिसच्या प्लाझ्मिडांवरची ॲल्फ-ए आणि आल्प-७-ए ही अशीच दूरची भावंडे आहेत.

पार-सी सारखे असेल तर मात्र पंचाईत होते. यंत्रणेला दोन प्लाझ्मिडांत फरक कळत नाही. ती पहिल्याची एक आणि दुसऱ्याची एक प्रत धरून दोन टोकांना नेते आणि वाटणी ‘बरोबर’ झाली असे तिच्या लेखी ठरते. पुढच्या पिढ्यांत दोन्ही प्लाझ्मिडे वेगवेगळ्या पेशींत जाऊन पडतात. दोन प्लाझ्मिडे एकत्र नांदत नाहीत याचे हे एक कारण; दुसरे कारण प्रती काढण्याच्या नियंत्रणात असते.

१६. विषाणूंकडेही असे तंतू असतात हे खरं आहे का?

खरे आहे. स्युडोमोनासला लागण करणाऱ्या काही मोठ्या जीवाणुभक्षी विषाणूंकडे फू-झेड नावाचे ट्युब्युलिन कुळातले प्रथिन असते. ते तीन पदरांचे तंतू बनवते आणि विषाणूच्या डीएनएला पेशीच्या मध्यावर आणून ठेवते. या विषाणूंचा डीएनए प्रथिनांच्या एका कवचात बंद असतो. नव्या विषाणूंची रिकामी डोकी, म्हणजे डीएनए भरायचे डबे, पटलापाशी बनतात आणि याच तंतूंवरून त्या कवचाकडे वाहून नेली जातात, तिथे त्यांत डीएनए भरला जातो. इथे तंतूने प्रती वेगळ्या होत नाहीत, पण डीएनए कुठे असावा हे तंतूच ठरवतो.

१७. पार-एम बंद पाडून प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू हरवता येतील का?

कल्पना सोपी आहे: वाटणी बिघडवा, प्लाझ्मिड आपोआप हरवेल. आज वापरात असलेले कोणतेही औषध पार-एमवर काम करत नाही. अडचणी दिसायला कठीण नाहीत. पार-एमची घडण आपल्या ॲक्टिनसारखी आहे, तेव्हा औषध आपल्या पेशींना लागता कामा नये. एका कुळातल्या पार-एमवर चालणारे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही (प्रश्न १५). आणि प्लाझ्मिड हरवायला पिढ्या जाव्या लागतात. रुग्णाला तेवढी उसंत नसते.

डीएनए वेगळा होण्याच्या दुसऱ्या एका टप्प्यावर घाव घालणारी औषधे मात्र जुनीच आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी क्विनोलोन औषधे टोपोआयसोमरेज-४ आणि त्याचे भावंड गायरेज यांना डीएनए तुटलेल्या अवस्थेत अडकवतात.

१८. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातलं काही करून दाखवता येईल का?

तंतू दाखवणे अवघड, कारण त्यासाठी चांगला प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो. प्लाझ्मिड हरवणे मात्र साध्या पेट्री बशांवर मोजता येते. ई. कोलाय के-१२ चा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला वाण घ्या. आर-१ पासून बनवलेली दोन छोटी प्लाझ्मिडे घ्या, एक पार यंत्रणा असलेले आणि एक नसलेले, आणि ती त्या वाणात वेगवेगळी घालून दोन वाण तयार करा. दोन्ही वाण रात्रभर प्रतिजैविकात वाढवा, मग प्रतिजैविक नसलेल्या रसात हजारपट पातळ करून सोडा. पुन्हा दाट झाले की साधारण दहा पिढ्या झाल्या असे धरायचे, कारण दोनाचा दहावा घात १०२४ आहे. असे पातळ करणे रोज चालू ठेवा. दर वेळी थोडा नमुना साध्या आगरवर पसरा, वसाहती आल्या की त्यांचा ठसा प्रतिजैविक असलेल्या बशीवर उमटवा आणि किती वसाहती तिथे उगवत नाहीत ते मोजा.

दोन गोष्टींनी आकडे फसतात. पहिली, प्लाझ्मिड नसलेल्या पेशी जलद वाढतात, म्हणून उशिराच्या दिवसांतली घट नुसती वाटणीतली चूक दाखवत नाही. सुरुवातीचे आकडे जास्त विश्वासाचे. दुसरी चूक अधिक वेळा होते: निवडलेल्या प्लाझ्मिडवर हॉक-सॉक शिल्लक राहिलेले असते. मग प्लाझ्मिड हरवलेल्या पेशी मरतात, वसाहत उमटतच नाही, आणि पार यंत्रणा नसलेले प्लाझ्मिडही छान टिकल्यासारखे दिसते. प्रयोग लावण्याआधी प्लाझ्मिडचा नकाशा तपासून घ्या.